बदलता येतं, पण बदलतो कोण?



वसतिगृहात कोणाच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आला की पहिले तीन दिवस त्यावर काय चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. अभ्यास तर नाहीच नाही, पण सिनेमाही नाही. पहिले तीन दिवस फक्त सेटिंग. वॉलपेपर बदला, थीम बदला, माउसचा बाण बदला, खालची पट्टी वर नेऊन ठेवा, पुन्हा खाली आणा. मी याच वसतिगृहात २००२ ते २००६ राहिलो तेव्हा हेच चालायचं आणि आता प्रयोगशाळेत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो तरी हेच पाहतो आहे. त्यात वाईट काही नाही. नवी सायकल आणली की तिच्या चाकात रंगीत मणी घालणारी आपण माणसं. पण या तीन दिवसांतून आपल्या डोक्यात एक समजूत पक्की बसते, की ज्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त पर्याय ते चांगलं सॉफ्टवेअर. आणि मग तीच समजूत घेऊन आपण स्वतः सॉफ्टवेअर लिहायला बसतो. माझं भांडण या समजुतीशी आहे.

आधी मेसच्या हिशेबाची गोष्ट सांगतो. मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या मेस सेक्रेटरीने वहीचा हिशेब पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर चढवला. बिचाऱ्याने रात्र रात्र बसून ऑगस्टच्या सगळ्या खरेद्या टाकल्या. आपल्या सवयीप्रमाणे तारीख आधी, महिना नंतर. कॉम्प्युटर मात्र अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता, म्हणजे महिना आधी. त्याने १/८ म्हणजे ८ जानेवारी असं समजून घेतलं, २/८ म्हणजे ८ फेब्रुवारी, असं करत १२ ऑगस्टचा तांदूळ ८ डिसेंबरला जाऊन पडला. आठ तारीख तेवढी वाचली, कारण ती दोन्हीकडून ८/८ च. तेरा तारखेपासून पुढे त्याला तेरावा महिना सापडेना, म्हणून त्या तारखा त्याने साधा मजकूर समजून बाजूला ठेवल्या. तक्रार कसलीच केली नाही. महिनाअखेर बेरीज काढली तर ऑगस्टमध्ये आम्ही फक्त एक दिवस जेवलो होतो!

रेक्टरसाहेबांच्या खोलीत बैठक बसली. सेक्रेटरीवर पैसे खाल्ल्याचा आरोप झाला. दोन दिवस त्याच्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर शाखेच्या एकाला घोळ सापडला तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "अरे, त्यात काय, सेटिंगमध्ये बदलता येतं की!"

बदलता येतं. हे वाक्य मी त्यानंतर शेकडो वेळा ऐकलं आहे. पण ज्याला तिथे काही बदलण्यासारखं आहे हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो पर्याय असून नसल्यासारखा. त्याच्यासाठी सॉफ्टवेअर म्हणजे त्याने पहिल्यांदा उघडलं तेव्हा जसं होतं ते. त्यालाच आपण डिफॉल्ट म्हणतो.

या डिफॉल्टला आमच्याकडे एक जुना शब्द आहे, मामूल. निजामाच्या राज्यात आमची मोठी माणसं वाढली, त्यांच्या बोलण्यात तो राहून गेला. हिमायतनगरच्या स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन "एक चहा" म्हणा. दूध, साखर, आलं घातलेला चहा समोर येतो. हा मामूल. कोणाला साखर चालत नसेल तर तो "बिनसाखरेचा" म्हणून सांगतो आणि मिळतोही. आता कल्पना करा, की हॉटेलवाल्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला सुरुवात केली: दूध म्हशीचं की गायीचं, साखर किती चमचे, उकळी किती, कप की ग्लास, ग्लास अर्धा की पाऊण? गाडी सुटेल पण चहा यायचा नाही. लोक म्हणतील, ह्याला चहा करता येत नाही म्हणून आपल्याला विचारायलाय. आणि ते खरंच असेल. उलट एखादा म्हणाला की माझ्याकडे साखरेचाच मिळतो, प्यायचा तर प्या, तर मधुमेहाचा माणूस पुन्हा त्या दारात जाणार नाही. सगळा वाद या दोन हॉटेलवाल्यांच्या मधल्या जागेचा आहे.

आता गावाचं नाव निघालंच आहे, तर तिथलीच दुसरी गोष्ट. (सरकारी कागदावर हिमायतनगर, जुन्या माणसांच्या तोंडी अजून वाढोणा. पर्याय उपलब्ध करून दिला म्हणून सवय बदलतेच असं नाही, हे आमच्या गावालाच विचारा.)

२००४ च्या हिवाळ्यात आमच्या शिवारातली डीपी जळाली. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हरभरा, गहू उभा, विहिरीत पाणी आहे, पण मोटार बंद. वडिलांनी आणि आणखी बावीस जणांनी मिळून अर्ज करायचा ठरवला. नाव, गट क्रमांक, मोटारीची अश्वशक्ती अशी यादी. गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मास्तरांनी तो त्यांच्या कॉम्प्युटरवर झकास टाइप करून दिला. मी त्याच दिवशी नांदेडला परत निघालो होतो, म्हणून छापील अर्ज आणि फ्लॉपी दोन्ही माझ्याकडे दिले. भोकरमार्गे एसटीने आलो, अर्ज द्यायला गेलो, तर दोन गट क्रमांक चुकलेले निघाले. दुरुस्त करून स्वच्छ प्रत आणा, असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, फ्लॉपी खिशात आहे, अर्ध्या तासाचं काम.

जवळच्या कॅफेत फ्लॉपी घातली. अर्ज उघडला तर त्यात एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या, पोटाखाली शेपट्या, मध्येच पौंडाची खूण. वडिलांच्या नावाच्या जागी असं काही होतं की वाचायला गेलं तर शिवी वाटावी. कॅफेवाला म्हणाला, तुमचा फाँट आमच्याकडे नाही. दुसऱ्या कॅफेत गेलो, तिथे मराठी होतं पण वेगळ्या कंपनीचं. तिसऱ्याकडे तिसरंच. त्या तिघांनीही आपापल्या पसंतीची मराठी निवडली होती, पर्यायांची कमी नव्हती! शेवटी शनिवारी पुन्हा गावी गेलो, मास्तरांकडून दुरुस्त करून घेतला, मंगळवारी दिला. चार दिवसांत गहू मरत नाही, पण पाण्याची एक पाळी गेली. हाताने लिहून दिला असता तरी कदाचित चाललं असतं. ते मला सुचलंच नाही. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोराला हाताने अर्ज लिहायची लाज वाटते, दुसरं काय.

हे का झालं ते पाहू. त्या काळातले बहुतेक मराठी फाँट हे खऱ्या अर्थाने मराठी नव्हतेच. कॉम्प्युटरच्या लेखी साठवलेलं अक्षर इंग्रजी किंवा युरोपातलं एखादं चिन्ह असायचं, फाँट फक्त त्या जागी देवनागरीचा आकार काढून दाखवायचा. कोणत्या जागी कोणता आकार हे ज्याने त्याने आपलं ठरवलं. त्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचायचं तर तोच फाँट पाहिजे. वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांची पानं इंटरनेटवर वाचायची तर वेगवेगळे फाँट उतरवून घ्यावे लागत. गंमत म्हणजे याला तोड तेव्हा अस्तित्वात होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक आयएस १३१९४ या क्रमांकाने १९९१ साली निघालं होतं, त्यातच इन्स्क्रिप्ट हा कळफलकही ठरवून दिला होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा होत्या. म्हणजे माझ्या फ्लॉपीच्या तेरा वर्षं आधी उत्तर लिहून तयार होतं. ते कोणाच्या टेबलावर पोचलं नव्हतं, एवढंच.

का पोचलं नाही याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक मला फार बोलकं वाटतं. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरीची पूर्ण सोय होती. फाँट होता, कळफलक होता, जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा होती. फक्त ती सुरू केलेली नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचं, लँग्वेजेस या पानावर जायचं, आणि तिथे गुंतागुंतीच्या लिप्या व उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषा बसवा अशा अर्थाची एक चौकट असायची, तिच्यावर बरोबरची खूण करायची. मग ते विंडोजची सीडी मागायचं. ती सीडी कोणाकडे असायची? नसायचीच. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने ती एकच सीडी साऱ्या तालुक्यात फिरवलेली असायची.

म्हणजे पाहा, कोट्यवधी लोकांची लिपी चालावी की नाही हा "पर्याय" होता. आणि त्याचं डिफॉल्ट होतं, नाही. लिहिणाऱ्या मंडळींना मराठीशी वैर नव्हतं. डिस्कवर जागा वाचावी असा काहीसा सरळ हिशेब असणार. पण हिमायतनगरच्या एखाद्या कॉम्प्युटरवर मराठी पान उघडलं की चौकोनी डबे दिसायचे आणि माणूस मनाशी ठरवून टाकायचा की कॉम्प्युटरला मराठी येत नाही. पुढे २००७ साली व्हिस्टा आलं, त्यात ती चौकटच उरली नाही. देवनागरी कायमची सुरू. एक पर्याय काढून टाकला आणि तेवढ्याने लोकांचं स्वातंत्र्य वाढलं! पर्याय म्हणजेच स्वातंत्र्य असं ज्यांना वाटतं त्यांनी या चौकटीचा जरा विचार करावा.

इंजिनिअरच्या भाषेत बोलायचं तर प्रत्येक चौकट फुकट येत नाही. हो किंवा नाही अशा दहा चौकटी ठेवल्या की तुमच्या प्रोग्रॅमच्या १०२४ वेगवेगळ्या अवस्था होतात. वीस ठेवल्या की १०,४८,५७६. त्यातल्या तुम्ही किती तपासल्या? तुमची एक, तुमच्या पार्टनरची एक, आणि गाइडसमोर दाखवली ती एक. उरलेल्या वापरणाऱ्याच्या नशिबावर. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ च्या सुमारास हाच मुद्दा मांडला होता, की प्रत्येक पर्यायाला किंमत असते, आणि पुष्कळदा पर्याय हा मूळ दोष न दुरुस्त करता त्याच्यावर घातलेलं पांघरूण असतो. त्याच वर्षी जूनमध्ये ग्नोमची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यातून कितीतरी पर्याय उडाले. आमच्या लिनक्स लॅबमध्ये त्यावरून दोन तट पडले होते. एक ग्नोमवाले, एक केडीईवाले. केडीईमध्ये मोजता येणार नाहीत इतकी बटणं, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरची सगळी पोरं केडीईवाली.

आणि त्यांच्या बाजूलाही मोठा माणूस होता. डिसेंबर २००५ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की लोकहो, केडीई वापरा. त्यांचा राग असा, की वापरणाऱ्याला मूर्ख धरून चालाल तर शेवटी मूर्खच तुमच्याकडे राहतील. वाक्य झोंबणारं आहे आणि त्यात खरंही आहे. मी बराच काळ पक्का ग्नोमवाला होतो. माझं मत थोडं हललं ते टोरवाल्ड्सांमुळे नाही. मास्तरांमुळे.

टायपिंग इन्स्टिट्यूटचे तेच मास्तर. तालुक्याच्या कचेऱ्यांत बसलेले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले असतील. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस, म्हणजे मिनिटाला तितके शब्द, हे सरकारी नोकरीचं माप; त्यांचा स्वतःचा हात याच्या कितीतरी पुढे. डोळे कागदावर, बोटं यंत्रावर, तोंडाने समोरच्या पोराला रागावणं चालू. पुढे युनिकोड आलं, आता इन्स्क्रिप्ट शिका असा आग्रह सुरू झाला, तेव्हा मीच मोठ्या उत्साहाने त्यांच्या कॉम्प्युटरवर ते बसवून दिलं. इन्स्क्रिप्ट शास्त्रशुद्ध आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, भारतातल्या सगळ्या लिप्यांना एकच मांडणी, वगैरे भाषण दिलं.

मास्तरांनी गावाचं नाव लिहायला घेतलं. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात, मग अक्षर. हाताने आपण तशीच काढतो असं नाही, पण यंत्राचा गाडा एकाच दिशेला सरकतो, तेव्हा जे डावीकडे दिसतं ते आधी. इन्स्क्रिप्टमध्ये उलट. आधी ह, मग वेलांटी, कारण उच्चार तसा. मास्तरांची बोटं चाळीस वर्षांच्या सवयीने वेलांटीकडे आधी गेली. पडद्यावर एक पोरकी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली. त्यांनी ती पुसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बोटं मांडीवर ठेवली आणि मला विचारलं, "कामून रे बाबा, आम्ही इतके वर्षं चुकीचं लिहायलो होतो का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या बोटांत जी विद्या होती ती डिफॉल्ट बदलून पुसायची मला काय गरज होती? साठवायचं कसं हे एकच असलं पाहिजे, नाहीतर माझ्या फ्लॉपीसारखं होतं. तिथे पर्याय म्हणजे घोटाळा. पण बोटं कुठे पडावीत यात पर्याय ठेवला तर कोणाचंच बिघडत नाही. मास्तरांनी टाइपरायटरच्या पद्धतीने लिहिलेलं युनिकोडमध्ये साठवलं की ते माझ्या इन्स्क्रिप्टच्या मजकुराइतकंच स्वच्छ, जगात कुठेही उघडावं. हे कळायला मला एक वर्ष लागलं. सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांत इन्स्क्रिप्ट, टाइपरायटर आणि उच्चारानुसार असे वेगवेगळे कळफलक एकाच युनिकोडवर ठेवलेले आहेत, ते याच शहाणपणातून. मास्तरांना टाइपरायटरचा कळफलक लावून दिला. पाच मिनिटांत त्यांचं पोराला रागावणं पुन्हा सुरू झालं.

आजची तुमची पिढी तर दोन्ही शिकत नाही. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचे आणि समोर देवनागरी घ्यायची. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा असा कळफलक आतच मिळू लागला. चालू द्या. माझा स्वतःचा हात इन्स्क्रिप्टवर बसला आहे आणि नव्या मुलाने तेच शिकावं असं मला अजून वाटतं, पण हे मत मी आता कोणाच्या कॉम्प्युटरवर बसवून देत नाही.

तेव्हा प्रश्न पर्याय किती हा नाही. प्रश्न असा, की हा पर्याय कोणामुळे आला? वापरणारी माणसं खरोखर वेगवेगळी आहेत, त्यांची बोटं, डोळे, भाषा, काम वेगळं आहे म्हणून आला, की लिहिणाऱ्याला निर्णय घेता आला नाही म्हणून? कमी दिसणाऱ्याला अक्षर मोठं करता आलंच पाहिजे. डावखुऱ्याला माउसची बटणं उलटी करता आलीच पाहिजेत. याला मी पर्याय म्हणत नाही, दार म्हणतो. पण "फाइल सेव्ह करताना कोणती पद्धत वापरू" असा प्रश्न तुमचा प्रोग्रॅम एखाद्या ग्रामसेवकाला विचारत असेल तर तुम्ही तुमचा गृहपाठ त्याला करायला सांगत आहात.

आणि काही वेळा विचारायचीही गरज नसते, आणि लादायचीही. आपल्या ल आणि श चंच घ्या. मराठी ल पाकळीचा, मराठी श देठाचा. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये डिफॉल्ट आकार हिंदी वळणाचे असतात, आणि आपली पोरं ते पाहून पाहून वहीतही तसेच काढू लागली. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचं आणि अक्षरवळणाचं प्रमाण ठरवून दिलं. यावर "हिंदी ल की मराठी ल" अशी चौकट काढणं हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग ओपनटाइप फाँटच्या तंत्रातच आहे: दोन्ही आकार फाँटमध्ये ठेवायचे, मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तर मराठी आकार आपोआप दाखवायचा. माणसाला काही विचारलं नाही, तरी त्याला त्याचं अक्षर मिळालं. मेसच्या तारखांचंही तसंच. कॉम्प्युटर भारतात आहे एवढं एकदा सांगितलं की तारीख, रुपयाची खूण, लाखानंतरचा स्वल्पविराम, कागद ए-फोर, सगळं त्यामागून आलं पाहिजे.

कागदावरून आठवलं. डिफॉल्टला गाव असतं. लेटर हा कागद अमेरिकेतला, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. दर मे महिन्यात आपल्या कॉलेजात कोणाचं तरी ब्लॅक बुक लेटरवर मांडलेलं आणि ए-फोरवर छापलेलं निघतं, आणि पानांच्या जागा सरकून अनुक्रमणिका खोटी पडते. दर वर्षी. मी आता सांगणंही सोडून दिलं आहे.

पेनड्राइव्हचं तर विचारू नका. जुन्या विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपसूक सुरू होण्याची वाट मोकळी असायची आणि फाइलच्या नावाची शेपटी लपवलेली असायची. दोन्ही सोयी म्हणूनच ठेवलेल्या. त्यामुळे फोल्डरचं चित्र लावलेला व्हायरस फोल्डरसारखाच दिसे आणि एका पेनड्राइव्हवरून सारं वसतिगृह आजारी पडे. २००८ च्या शेवटी कॉन्फिकर जगभर पसरला, त्याचा एक रस्ता हाच होता. विंडोज ७ मध्ये २००९ साली ही वाट बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठीही ती बंद करणारी दुरुस्ती सर्वांकडे पोचवली. ती आधीही बंद करता येत होती, बरं का. सेटिंगमध्ये.

आता मूळ कारणाकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. अलीकडे एका प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला मी बसलो होतो. दोन मुलांनी एका आडत दुकानासाठी सॉफ्टवेअर लिहिलं होतं. शेतकऱ्याचा माल आला की वजन टाकायचं, भाव टाकायचा, हमाली, तोलाई वजा करून पट्टी छापायची. काम खरंच चांगलं होतं. पोरं हुशार. सेटिंगच्या पानावर अठ्ठावीस पर्याय, त्यात पट्टीच्या मथळ्याचा रंग बदलायचेच सहा. मी चाळत चाळत खाली गेलो तर एक ओळ दिसली. कडता, क्विंटलमागे. त्यापुढे लिहिलेलं, १ किलो.

"हे काय आहे?"

"सर, मालात माती, ओल असते, तिचा कडता. दुकानदारांनी सांगितलं तसं टाकलं."

"प्रत्येक पट्टीला लागतो?"

"डिफॉल्टला लागतो सर. माल चांगला असला तर बदलता येतं. सेटिंगमध्ये आहे."

"पट्टीवर छापला जातो?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. नव्हता छापला जात. पट्टीवर निव्वळ वजनच यायचं.

मी फळ्यावर हिशेब मांडला. वीस क्विंटल सोयाबीन घेऊन आलेला माणूस. वीस किलो गेले. भाव चार हजार धरला तर आठशे रुपये. माल खडखडीत वाळलेला असो की भिजलेला असो. सोयाबीनच्या दिवसांत दारात ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना दुकानातला मुनीम प्रत्येक शेतकऱ्यामागे चार पानं आत जाऊन एकाचा शून्य करणार, आणि पुढच्यासाठी पुन्हा एक करणार, असं तुम्हाला वाटतं का? त्यातल्या एकाचे वडील स्वतः सोयाबीन लावतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, हे आमच्या लक्षातच नाही आलं. आम्ही चाचणीला टाकलं ते तसंच राहिलं."

मला ते खरं वाटलं. कोणी लबाडी केली नव्हती. मेसच्या तारखांतही केली नव्हती आणि त्या बंद चौकटीतही नव्हती.

आठ दिवसांनी ती मुलं बदल करून आली. सेटिंगच्या पानावरून कडत्याची ओळच काढून टाकली होती. आता तो पट्टी करण्याच्या मुख्य पडद्यावर, वजनाच्या शेजारी होता आणि दर वेळी शून्यापासून सुरू होत होता. कापायचाच असेल तर मुनिमाने तो आकडा शेतकऱ्यासमोर स्वतःच्या हाताने टाकायचा आणि पट्टीवर तो वेगळ्या ओळीत छापून येणार. मथळ्याच्या रंगाचे सहा पर्यायही गेले होते. दुकानदार काय म्हणाला, असं मी विचारलं.

"दोन दिवस कुरकुर केली सर. म्हणाला, आधीचं बरं होतं, आपोआप व्हायचं."